खालचं बटण

५ जानेवारी २००३, रविवार

कारखाना सिल्वासाला गेला त्याला उद्या तीन महिने होतील. सतरा वर्षं रंगाच्या प्रयोगशाळेत नमुने तपासले. आता विनिता साडेअकराला तिच्या शाळेत शिकवायला जाते, मुलं साडेबाराला त्यांच्या शाळेतून येतात आणि मधला तासभर एव्हरशाईन सिटीतल्या या दोन खोल्यांत मी येरझाऱ्या घालतो.

म्हणून एक ठरवलं आहे. मुलांकडे माझं आजवर लक्ष नव्हतं, ते आता द्यायचं. उपदेश करायचा नाही. घरात रोज काहीतरी सांडतं, फुटतं, हरवतं. तो क्षण पकडायचा आणि मुलांनाच विचारायचं, यातून काय शिकलात? ऋतिका तेरा वर्षांची आहे, वेदांत आठ. अजून उशीर झालेला नाही.

आजच सुरुवात झाली. वेदांतने ताकाचं भांडं पालथं केलं. मी न रागावता विचारलं, "यातून काय शिकलास?"

"ताक आईने मागे ठेवायला पाहिजे होतं."

पुन्हा विचारलं. "फडकं कुठे असतं ते," म्हणाला. ऋतिका हसली. मीही हसलो असतो, पण मुद्दा निसटला असता.

दुपारी आईचा कराडहून फोन. ऋतिकाने उचलला. "बाबा कामावर गेलेत, आजी. हो, रविवारी पण. ओव्हरटाइम." मी समोरच बसलो होतो. आईला रक्तदाबाचा त्रास आहे, नोकरी गेल्याचं तिला इतक्यात सांगायचं नाही असं आमचं ठरलं आहे. हे खोटं नव्हे, पुढे ढकललेलं खरं आहे.

(वरचं वाक्य पुन्हा वाचलं. पटलं नाही. तरी खोडत नाही.)

८ जानेवारी, बुधवार

सोसायटीचे सेक्रेटरी सावे जिन्यात भेटले. "तुम्ही घरीच असता ना हल्ली?"

मी म्हटलं, "असतो अधूनमधून."

"मग पंपाची पाळी कायमची तुम्हीच घ्या की. बाकी सगळे ड्यूटीवाले."

आमच्याकडे पाणी टँकरचं. मंगळवार, गुरुवार, शनिवार दुपारी टँकर खालच्या टाकीत रिकामा होतो. चार वाजता पंप सुरू करायचा, पाऊण तासात गच्चीवरची टाकी भरली की बंद करायचा. उरलेलं दुसऱ्या दिवसासाठी खालीच राहतं. विसरलात तर वरची टाकी वाहत राहते आणि उद्याचं पाणी मागच्या गटारात जातं. आमच्याखेरीज सोळा बिऱ्हाडं आहेत. आजवर प्रत्येकाची एकेक आठवडा पाळी असे.

"ड्यूटीवाले" हा शब्द दिवसभर डोक्यात फिरतो आहे. सावे वाईट माणूस नाहीत. होकार दिला.

१२ जानेवारी, रविवार

भुईगावला फर्डिनंडकडे गेलो होतो, मुलांना घेऊन. फर्डिनंड कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर होता. त्याची केळीची वाडी आहे, म्हणून तो माझ्याइतका हलला नाही.

किनाऱ्यावर वेदांतने चपला वाळूत काढल्या आणि खेळत बसला. भरती येत होती. मला दिसत होतं. एक चप्पल पाण्यात गेली तेव्हा तो रडायला लागला. मी त्याला शेजारी बसवून भरतीचं वेळापत्रक समजावलं. समुद्र कुणासाठी थांबत नाही, म्हणून आपली वस्तू आपण सांभाळायची.

फर्डिनंड शिंपले खडखडवत ऐकत होता. म्हणाला, "तुला चप्पल जाताना दिसली?"

"दिसली."

"मग उचलली का नाहीस?"

"तो शिकला नसता."

"अरे बाबा, पोराचा पाय भाजतोय, त्याला आधी चप्पल दे. भाषण काय, परतीच्या वाटेवर पण देता येतं."

त्याच्या बायकोने, हिल्डाने, तिच्या मुलाच्या जुन्या स्लीपर दिल्या. दोन नंबर मोठ्या. वेदांत बसमध्ये त्या हातात घेऊन बसला होता.

फर्डिनंडला मुलं वाढवण्यातलं फारसं कळत नाही. त्याची तिन्ही मुलं मात्र गुणी निघाली आहेत. हे कसं, ते समजत नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. ऋतिका नवा परकर घालून तिळगुळाचा डबा घेऊन सोळा घरं फिरून आली. पहिल्या मजल्यावरच्या कार्मिनबाईंनी तिला केक दिला. त्या म्हणतात, तुमच्या मुलीने बेल वाजवली की बेलच गोड वाजते. चार वाजता पंप मी सुरू केला, पावणेपाचला बंद केला, पाच वाजता पुन्हा खाली जाऊन पाहून आलो. प्रयोगशाळेतली सवय. प्रत्येक नमुना दोनदा.

१८ जानेवारी, शनिवार

पंपाचं काम ऋतिकाकडे सोपवलं. जबाबदारी ही अंगावर पडल्याशिवाय शिकता येत नाही. तिने घड्याळ मागितलं, मी माझं दिलं. तिच्या मनगटावर ते कोपरापर्यंत घसरतं. तिने पंप वेळेवर बंद केला. मी पाचला जाऊन पाहून आलो, तिला न सांगता.

विनिता म्हणाली, "काम तिला दिलंत ना? मग परत बघायला कशाला जाता?"

"तिच्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे. पद्धत म्हणून."

"तिला सांगून जाता का?"

मी म्हटलं, विषय वेगळा आहे.

२० जानेवारी, सोमवार

पंपाच्या बटणांची जुनी पेटी गंजली होती. सावेंनी आज वायरमन बोलावून नवी बसवून घेतली. मी त्या वेळी दाताच्या डॉक्टरकडे होतो. वेदांतचा पेन्सिल बॉक्स हरवला. त्याला काय शिकलास विचारायच्या आतच तो म्हणाला, "शिकलो, शिकलो," आणि खेळायला पळाला.

२१ जानेवारी, मंगळवार

(संध्याकाळी सव्वापाच.) ऋतिका पावणेपाचला पंप बंद करून आली आणि तळमजल्यावर मैत्रिणीकडे, भाविकाकडे, खेळायला गेली. पाचला मीही जाऊन आलो. जिन्याखालच्या मीटरच्या खोलीतला बल्ब गेला आहे. मागे शेजारच्या बिल्डिंगचा टँकर इतका घरघरत होता की पंपाचा आवाज असला-नसला कळेना. म्हणून हाताने चाचपून खालचं बटण एकदा दाबून आलो. सतरा महिने याच बिल्डिंगमध्ये खालचंच बटण दाबून पंप बंद करतो आहोत. बंद असलेलं पुन्हा बंद केलं तर काही बिघडत नाही.

(साडेसात.) फार वाईट झालं. सात वाजता सावे वर आले. पंप चालूच होता, तापून वास येत होता, त्यांनी मेन स्विच पाडला. खालची टाकी कोरडी. दोन तास पाणी गच्चीवरून मागच्या गटारात जात होतं. पुढचा टँकर परवा.

ऋतिकाला बोलावलं. म्हणाली, "मी बंद केला होता."

"मग चालू कसा राहिला?"

"मी बंद केला होता, बाबा. मग तुम्ही..." ती माझ्याकडे पाहत राहिली.

मी तिला म्हटलं, खोट्याला पुढचं वाक्य सापडत नाही, ते असं अर्ध्यावर तुटतं. विसरणं क्षम्य आहे. हे नाही.

तिने मनगटावरचं घड्याळ काढून टीव्हीवर ठेवलं.

२२ जानेवारी, बुधवार

खूप विचार करून ठरवलं. विनिताचा विरोध होता. शाळा सुटल्यावर ऋतिकाने सोळाही दारांवर जाऊन माफी मागायची. मी सोबत जाणार नाही, कारण मी असलो तर ती माझ्यासाठी बोलेल. मी जिन्याच्या वळणावर उभा राहिलो. शब्द ऐकू येत नव्हते, फक्त बेल वाजल्याचं आणि दार लावल्याचं कळत होतं. गेल्या आठवड्यात याच दारांवर ती तिळगूळ घेऊन गेली होती, हे मला पाचव्या दाराशी आठवलं.

तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "पोरीच्या जातीला पाण्याची किंमत कळायला हवी." मी वर गेलो नाही. जायला हवं होतं का?

खाली सावेंनी फळ्यावर लिहिलं आहे: "पाणी वाया गेले. कृपया पंपाचे काम लहान मुलांकडे देऊ नये." उद्याचा पंप तेच बघणार आहेत.

रात्री जेवताना विनिता एवढंच म्हणाली, "कारखाना गेला तेव्हा तुम्ही एका तरी दारावर गेलात का? भावाच्या? आईच्या?" मुलांसमोर म्हणाली. ऋतिका भात चिवडत होती.

२५ जानेवारी, शनिवार

हे नीट, क्रमाने लिहितो.

सावे आज विरारला गेले, पंप माझ्याकडे आला. चार वाजता मीटरच्या खोलीत गेलो. बल्ब अजून लावलेला नाही. सवयीने वरचं बटण दाबलं. पंप सुरू होईना. पुन्हा दाबलं. फ्यूज गेला असेल म्हणून वर येऊन टॉर्च घेऊन गेलो.

नवी पेटी उलटी बसवली आहे. लाल बटण वर, हिरवं खाली.

हिरवं खाली.

मी टॉर्च विझवला. अंधारात हात नेला तर तो आपोआप खालच्या बटणावरच गेला. मंगळवारीही असाच गेला असणार. ऋतिकाने पंप बंद केला होता. मी पाच वाजता येऊन तो सुरू केला.

पंप सुरू केला. पावणेपाचपर्यंत तिथेच उकिडवा बसून राहिलो, लाल बटणावर टॉर्च धरून. बंद करून वर आलो. ऋतिका गणितं सोडवत होती. "पाणी भरलं?" तिने विचारलं. मी "हो" म्हटलं.

तेवढंच म्हटलं.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन झाल्यावर एकटाच भुईगावला गेलो. फर्डिनंड केळीच्या घडांना पोती बांधत होता. मी त्याला विचारलं, एखाद्याकडून नकळत चूक झाली आणि ती कुणालाच कळणार नसेल, तर सांगायची का?

"कुणाकडून?"

"असंच. एखाद्याकडून."

"त्या एखाद्याच्या चुकीचा मार दुसरं कोण खातंय का?"

मी पोत्याचं दुसरं टोक धरलं.

"खातंय तर," तो म्हणाला, "तू इथे माझ्या केळीत काय करतोस?"

परतताना स्वतःशी वाद घातला. बल्ब गेला होता. पेटी उलटी होती. मला कुणी सांगितलं नव्हतं. हे सगळं खरं आहे. पण मी खाली गेलोच नसतो तर यातलं एकही कारण लागलं नसतं. आणि मी खाली का गेलो, ते "पद्धत म्हणून" असं अठरा तारखेला लिहिलं आहे. ते खरं नाही. ती विसरली असेल, असं मला वाटलं होतं. कदाचित ती विसरावी, असंही. म्हणजे मला काही शिकवता आलं असतं.

हे लिहायला बराच वेळ लागला.

२७ जानेवारी, सोमवार

दुपारी वेदांत खेळायला गेल्यावर ऋतिकाला सांगितलं. पेटी, हिरवं बटण, सगळं. माझा आवाज प्रयोगशाळेतल्या अहवालासारखा येत होता.

तिने वहीला रेघ मारत म्हटलं, "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"पेटी उलटी आहे ते. सावेकाकांनी मला सांगितलं होतं. आणि तुम्ही खाली गेलात ते मी बघितलं होतं, मी भाविकाच्या दारात उभी होते. तुम्ही दर वेळी जाता."

"मग तू त्या दिवशी सांगितलं का नाहीस?"

"सांगत होते."

अर्धं वाक्य मला आठवलं. "पुरं का नाही केलंस?"

"तुम्हीच म्हणालात, खोटं आहे." मग रेघ पुरी करत, "आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं असतं तर तुम्हाला सगळ्यांकडे जावं लागलं असतं. सगळे विचारतात ना तुम्हाला, घरीच असता का म्हणून. तुम्हाला आवडत नाही."

मी म्हटलं, "उद्या मी सगळ्या दारांवर जाणार आहे. आणि पंप पुन्हा तुझ्याकडे."

"जा," ती म्हणाली. "पंप मला नको."

"का?"

"मी बंद केला तरी तुम्ही बघायला येणार. मग तुम्हीच करा."

तिला नाही म्हणायचा पूर्ण अधिकार आहे. तरी मी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "बाबा, मी आजीशी फोनवर बोलते ते चालतं. तेव्हा तुम्ही विचारत नाही, काय शिकलीस."

२८ जानेवारी, मंगळवार

टँकर रिकामा झाला, पंप चालवून बंद केला, आणि साडेपाचला चौथ्या मजल्यापासून सुरुवात केली. हातात काहीच नव्हतं, त्यामुळे हात कुठे ठेवावे कळेना. तिने हे कसं केलं?

तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी दार अर्धंच उघडलं. मी म्हटलं, मागच्या मंगळवारचं पाणी माझ्यामुळे गेलं, मुलीमुळे नाही. ते म्हणाले, "तरीच. आम्ही म्हटलं, पोरगी तर हुशार दिसते. तुम्ही हल्ली घरीच असता का?"

"हो. कारखाना गेला. नोकरी नाही."

म्हणून टाकलं. त्यांनी दार पूर्ण उघडलं आणि चहा घ्या म्हणाले. त्यांचाही भाऊ घरी बसला आहे म्हणे, वर्षभर. मला ते ऐकायचं नव्हतं, पण चहा घेतला.

कार्मिनबाई ऐकून घेऊन म्हणाल्या, "मला ठाऊक होतं."

"कसं?"

"तुमची मुलगी आली तेव्हा काय म्हणाली? 'आमच्या घराकडून पाणी वाया गेलं, सॉरी आंटी.' माझ्याकडून नाही म्हणाली. आमच्या घराकडून. मी विचारलं, तू विसरलीस काय गं? तर म्हणे, सॉरी आंटी. दुसरं काही बोलेचना. मी म्हटलं, ही पोरगी कुणाला तरी झाकते."

मी जिन्यात जरा वेळ बसलो. खोटं न बोलता आणि मला उघडं न पाडता सोळा दारांवर म्हणता येईल असं वाक्य तिने शोधलं होतं. जिन्याच्या वळणावर उभा राहून मी तिला धडा देत होतो.

शेवटी सावे. ते अवघडले. "अहो, मी पोरीला सांगितलं होतं पेटीचं, तुम्हाला सांगायचं राहिलं. आता जाऊ द्या ना."

"फळ्यावरचं पुसा."

"पुसतो. मग काय लिहू? 'पंपाचे काम मोठ्या माणसांकडे देऊ नये'?"

"तसंच लिहा."

ते हसले. मी हसलो नाही, तेव्हा त्यांनी खडू माझ्या हातात दिला. मी शर्टाच्या बाहीने फळा पुसला आणि लिहिलं: "२१ तारखेचे पाणी माझ्या चुकीने गेले. ऋतिकाने पंप वेळेवर बंद केला होता." खाली नाव, खोली नंबर. अक्षर वाकडं आलं. ऋतिका संध्याकाळी दळण घेऊन आली तेव्हा फळ्यापाशी थांबली असणार, कारण पिठाचा डबा खाली ठेवल्याची पांढरी खूण तिथे आहे.

३० जानेवारी, गुरुवार

आईला फोन केला. मीच. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "दिवाळीपासून कळलंय मला. पोरीचा आवाज बदलतो तुझं नाव काढलं की. मी म्हटलं, सांगेल तेव्हा सांगेल." मग रक्तदाब बरा आहे म्हणाली, आणि वेदांतला चपला घेतल्या का विचारलं. हे तिला कुणी सांगितलं?

आज पंप मीच केला. ऋतिकाला विचारलं नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

पंप मीच. वेदांतने शाईची दौत सांडली. मी फडकं घेतलं, त्याने वर्तमानपत्र घेतलं, दोघांनी पुसलं. तो माझ्या तोंडाकडे बघत वाट पाहत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "विचारा ना." मी म्हटलं, "तुझ्या ढोपराला पण लागलीय."

४ फेब्रुवारी, मंगळवार

चारला पाच कमी असताना ऋतिकाने टीव्हीवरचं घड्याळ उचललं आणि हातात घातलं. "आज मी जाते." मी काय बोलावं याचा विचार करेपर्यंत ती गेलीही होती.

पावणेपाच झाले. ती वर आली नाही. पाच वाजले. मी चपला घातल्या, काढल्या. खिडकीतून मागचं गटार दिसत नाही; गॅलरीच्या टोकाला वाकून पाहिलं तर दिसतं. गॅलरीत गेलो आणि वाळत घातलेले कपडे काढून आत आणले. ओलेच होते. पुन्हा घातले.

सव्वापाचला ती आली. भाविकाकडे कॅरम खेळत होती. दारातच थांबून माझ्याकडे पाहत राहिली.

"विचारायचंय ना?"

"नाही."

"विचारायचंय तुम्हाला."

"हो," मी म्हटलं, "पण विचारत नाही."

ती आत गेली. नळाखाली हात धुतल्याचा आवाज आला. नळाला पाणी होतं, पण त्यावरून काही सिद्ध होत नाही, वरची टाकी तर त्या दिवशीही भरलेली होती.

आता पावणेसहा. सहा वाजता विनिता येईल. मीटरच्या खोलीवरूनच येते. पंपाचा आवाज येतोय का, एवढंच तिला सहज विचारावं.

नको. तेही खाली जाणंच झालं.

सहाला पाच कमी. अजून वहीपाशीच आहे.